दुसऱ्या सीटवरचा माणूस

“ही गाडी एकट्याच्या हातात देऊ नको, पोरी. हिला दुसरं माणूस लागतं,” असं कालीबाई म्हणाली होती, तेव्हा नेहलला हसू आलं होतं. लग्न होऊन जेमतेम चार महिने झालेले. शहाद्यातल्या दुकानामागच्या अंगणात सासऱ्यांची जुनी फोर-बाय-फोर जीप उभी होती आणि तिच्या सावलीला बसून कालीबाई बशीतून चहा पीत होती. गाडी म्हणजे काय बैलजोडी आहे? नेहल बी.एस्सी. झालेली. तिने नुसतं “हो का, काकी?” म्हटलं आणि रिकामी कपबशी उचलून ती आत गेली.

कालीबाई ही उदेसिंगची बायको, सातपुड्यातल्या काठी गावाच्या पलीकडच्या पाड्यावरची. नेहलचे सासरे भीकमचंद यांनी अर्धं आयुष्य याच जीपमधून मीठ, चहा, साबण आणि दोर सातपुड्यातल्या आठवडी बाजारांना नेले, आणि शेजारच्या सीटवर कायम उदेसिंग असायचा. जीप जुन्या घडणीची. पुढच्या चाकांना जोर द्यायचा तर कुणीतरी खाली उतरून प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेला खटका हाताने फिरवायचा. चढावर बंद पडली तर हँडब्रेकच्या भरवशावर राहायचं नाही, उडी मारून मागच्या चाकाला दगड लावायचा. स्टिअरिंग शेठचं, बाकी सगळं उदेसिंगचं.

मागच्या साली भीकमचंद गेले. दिवाळीनंतर एक दिवस त्यांच्या मुलाने, अरिहंतने, जीपवरची ताडपत्री ओढून काढली.

“पप्पांना एकदा हिच्यातून गावी जायचं होतं,” तो म्हणाला. गावी म्हणजे राजस्थानात, वाळूत, जिथून पणजोबा उंटावर सामान लादून इकडे आले असं घरात सांगत. तिथून पुढे तो हिमाचलात जाणार होता, स्पितीच्या डोंगरांपर्यंत.

“डोंगरात कोण आहे आपलं?” नेहलने विचारलं.

“कुणी नाही. म्हणूनच.”

तो एकटा जाणार होता. नेहलच्या घशाखाली उतरत नव्हतं ते एवढंच. महिना लागो नाहीतर दीड, पण सोबत कुणीतरी हवं. वडील गेल्यापासून अरिहंत जेवता जेवता थांबायचा, घास हातातच राहायचा. बेसिनचा नळ सोडून त्याच्याकडे बघत उभा राहायचा. दुसऱ्या कुणाच्या नजरेत ते आलं नव्हतं. नेहलला मात्र सगळं दिसायचं. हिरल पोटात होती तेव्हापासून तिची नजर अशी टोकदार झाली होती, की पाळण्यातलं पोर कूस बदलण्याआधीच हिचा हात तिथे पोचायचा. असा माणूस वाळूत एकटा, मग बर्फाच्या कड्यावर एकटा. कुणी बोलायला नाही, दगड लावायला नाही.

दुपार झाली की गॅरेजवाला गोकुळ अंगणात यायचा. रेडिएटर उतरवून धुतला. रबरी नळ्या बदलल्या. स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एकेक जादा पाटा घातला, धुळीसाठी मोठा एअर फिल्टर बसवला. वाळूत टायरमधली हवा कमी करायची आणि डोंगर लागायच्या आधी पुन्हा भरायची, म्हणून बॅटरीवर चालणारा पंप आला. टपावर डिझेलचे कॅन आणि वाळूत चाकाखाली घालायच्या लोखंडी पट्ट्या बांधल्या गेल्या. हे सगळं अरिहंतने मोबाईलवर बघून ठरवलेलं. बायकोशी दिवसभरात तो जेवढं बोलत नसे, तेवढं त्या इंजिनशी बोलायचा.

“भाभी, आते हाई गाडी नही, उंट शे उंट!” गोकुळ जीपखालून ओरडला.

“उंट तरी एकटा सोडतात का गोकुळभाऊ?”

“ते शेठले इचारा. मन्हं काम नटबोल्टनं!”

एका दुपारी नेहल अंगणात आली तर हिरल जीपच्या सीटवर बसून टाळ्या वाजवत होती, आणि सीट भिंतीला टेकून जमिनीवर होती. शेजारची सीट.

“ही का काढली?”

“तिथे पाण्याची टाकी बसते.”

“आणि माणूस?”

“कोण माणूस?” अरिहंतने पाना बदलता बदलता विचारलं. रागाने नव्हे. त्याला खरोखरच कळलं नव्हतं.

नेहल हिरलला उचलून स्वयंपाकघरात गेली. सासूबाई, पतासीबाई, पापड लाटत होत्या. सुनेचं तोंड बघून त्या म्हणाल्या, “बिनणी, मरदाला अडवलंस तर दोन दिवस आधी निघेल. अडवू नको. सोबत जोडून दे.”

नेहलला तेव्हाच उदेसिंग आठवला.

होळी झाल्यावर अरिहंत जीप घाटात चालवून बघणार होता. नेहल म्हणाली, मीही येते. तो नको म्हणाला. हिरलला झबलं-टोपडं घालून, पाण्याची बाटली भरून ती अंगणात येऊन उभी राहिली. शेवटी गोकुळने हसत हसत सीट दोन बोल्टांवर तात्पुरती बसवून दिली. धडगाव गेलं, मोलगी मागे पडली. मोहाची फुलं गळायला लागली होती, काचा खाली केल्या की वास थेट डोक्यात जात होता. काठीच्या मैदानात होळीची राख अजून पसरलेली होती. जत्रा उठून गेलेली, माणसंही उठून गेलेली. सणाला आलेले लोक पुन्हा गुजरातेत कामाला परतले होते.

पाड्याच्या चढावर जीप बंद पडली. अरिहंतने ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, तरी गाडी इंच इंच मागे सरकू लागली.

“उतर! दगड लाव!”

पोर कडेवर घेऊन नेहल उतरली. पहिला दगड चाकाखालून निसटला. दुसरा तिने पायाने ढकलला, तो बसला. तेवढ्यात वरून कुणीतरी धावत आलं. आवाजावरून गाडी ओळखून आलेला उदेसिंग. त्याने दोघांकडे बघितलंही नाही, आधी चाकांजवळ वाकून दोन्ही खटके फिरवले.

“आता चल, अरिहंतशेठ,” मग तो म्हणाला आणि बोनेटवर थाप मारून म्हणाला, “म्हातारी झाली, पण नखरा तोच!”

घरात कालीबाईने चहा केला. बाकीच्या बंद घरांच्या दारांना काट्यांच्या फांद्या लावलेल्या होत्या. कालीबाईचे दोन्ही मुलगे बायकापोरं घेऊन परवाच गेले होते.

“काकी, एक मागायला आलेय,” नेहल म्हणाली. अरिहंतकडे तिने बघितलं नाही. “हे लांब चाललेत. काकांना सोबत पाठवाल?”

अरिहंतने मान डोलावली. खाली मघाशी काय झालं ते त्यानेही पाहिलं होतं.

कालीबाई खळखळून हसली. “घेऊन जा! घरात नुसता बिड्या ओढतो. जुना माल आहे हो, सांभाळून वापर आणि परत आण. मोडका आणलास तर मी घेणार नाही!”

“बघा, बाजारात बसवलं मला,” उदेसिंग म्हणाला. मग बायकोकडे वळून त्यांच्या बोलीत हळूच काही विचारलं. नेहलला त्यातला ‘पाणी’ एवढाच शब्द कळला. कालीबाईने हाताने तो प्रश्न उडवून लावला.

मग तिने कप घेण्यासाठी तोच हात पुढे केला आणि तो कपाच्या बाजूला, जमिनीवर पडला. बोटं चाचपत चाचपत कपाच्या कानापर्यंत आली. नेहलने पाहिलं. दाराच्या खांबाला बांधलेली एक निळी दोरी झाडाझाडाला वेढे घेत खाली झऱ्याच्या दिशेने गेली होती. वाळत घातलेला एकही कपडा त्या दोरीवर नव्हता. कालीबाईला दिसत नव्हतं, आणि दोरी कशासाठी होती ते नेहलच्या लगेच ध्यानात आलं. शब्द मागे घ्यायला अजून वेळ होता. तिने हिरलचं टोपडं सारखं केलं आणि म्हणाली, “येते, काकी.”

चार दिवसांनी ते निघाले. पाण्याची टाकी मागे गेली, सीट चारही बोल्टांवर घट्ट बसली आणि सीटवर उदेसिंग बसला. पतासीबाईंनी दोघांना कुंकू लावलं. त्या दुपारी नेहल कित्येक महिन्यांनी गाढ झोपली.

वाळवंटातून फोटो आला. उदेसिंग डोक्याला टॉवेल गुंडाळून वाळूत रुतलेल्या चाकाशेजारी उकिडवा बसलाय, आणि अरिहंत हसतोय. दात दिसतील इतका हसतोय. नेहलने तो फोटो सासूबाईंना दाखवला, गोकुळला दाखवला. त्या हसण्यासाठीच तर तिने सगळं केलं होतं. मग घर रिकामं झालं, हिरल झोपली, आणि नेहलला पाड्यावरची ती काटे लावलेली दारं दिसू लागली.

तिने फोन लावला. “काका, काकीजवळ कोण आहे?”

“आहे ना, भाभी. सगळा पाडा आहे,” उदेसिंग म्हणाला. त्याच्यामागे वारा वाहत होता. खोटं बोलताना माणूस जसा भरभर बोलतो, तसा तो बोलला, आणि फोन अरिहंतकडे दिला.

पाड्यावर रेंज नाही. नेहलला जाता येत नाही. हिरलला ताप आहे, दुकान सासूबाईंच्या एकटीच्या जिवावर आहे. वरून कुणी सामान न्यायला आलं की ती आधी विचारते, काठीकडचे का? काल जीपवाला वीरसिंग आला होता. “रस्त्यावरून दिसलं घर. दार उघडं होतं,” तो म्हणाला. “बाई? बाई नाही दिसली. असेल कुठेतरी. मला घाई होती, ताई.”

तेव्हापासून ती भेटेल त्याला विचारते. तुम्हालाही विचारते. तुम्ही त्या बाजूला जाणार आहात का? काठी सोडली की डाव्या हाताला कच्ची वाट वर चढते, त्या वाटेवरचं शेवटचं घर. दारातूनच मोठ्याने हाक मारा, आधी आपलं नाव सांगा, म्हणजे कालीबाई दचकणार नाही. ती हसेल, सगळं ठीक आहे म्हणेल. तेवढ्यावर परत फिरू नका. घागरीत पाणी आहे का ते स्वतः बघा, आणि रेंज लागली की शहाद्याला दुकानावर एक फोन करा.