पोत्याची खोड

आमच्या दुकानात गिऱ्हाईक टिकत नाही, याला कारण मामाचा नियम. जनावराची खोड आधी सांगायची, जनावर मग दाखवायचं. इतर दुकानांत पिंजऱ्यावर जात आणि वय लिहितात, आमच्याकडे पिंजऱ्यावर खोडीची पाटी असते. 'हे मांजर दर गुरुवारी आधीच्या घरी जातं आणि शुक्रवारी तिथल्या तक्रारी घेऊन येतं.' 'हे कासव तुमच्याआधी पोचलेलं असतं आणि उशीर का झाला म्हणून बघत राहतं.' 'या माशाला दिवसातून एकदा बाहेर फिरवून आणावं लागतं, नाहीतर रुसून तळाशी बसतो.' लोक वाचतात, हसतात, सशाला गाजर देतात आणि पुढच्या चौकातल्या दुकानातून साधा कुत्रा घेऊन जातात. मामाला त्याचं काही वाटत नाही. खोड लपवून जनावर देणं म्हणजे माणूस आणि जनावर दोघांनाही फसवणं, असं तो म्हणतो, आणि म्हणताना त्याची मान जरा जास्तच ताठ होते.

मी या दुकानात बावीस वर्षं आहे. पिंजरे धुणं, पाट्या रंगवणं आणि मामाची समजूत काढणं ही माझी कामं. पहिली दोन मला जमतात.

पोत्या हा आमच्याकडे परत आलेला कुत्रा. एका वकिलाने नेला तेव्हा वासराएवढा होता. दोन महिन्यांनी त्याच वकिलाने तो कोटाच्या खिशातून काढून काउंटरवर ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. पोत्याची खोड अशी, की कानावर खोटं पडलं की तो आक्रसतो. साधं खरं ऐकून वाढत नाही, नुसता आहे तेवढा राहतो. वाढायला त्याला असं खरं लागतं, जे बोलणाऱ्याच्या घशात अडकतं. मग एक निवृत्त मास्तर वर्षभर रोज संध्याकाळी दुकानात येऊन त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत बसायचे, म्हणून तो पुन्हा भरला. काय पुटपुटायचे ते आम्ही कधी विचारलं नाही. पोत्याचा एक भाऊ लग्न जुळवणाऱ्या बाईंकडे दिला होता. तिथून तीन आठवड्यांत नुसता गळ्यातला पट्टा परत आला.

हे सगळं आम्हाला माहीत होतं. तरीही पोत्याला आम्ही आईच्या घरी नेलं, याचा मला अजून राग येतो, आणि राग मामाइतकाच माझ्यावरही आहे.

आईचं दुखणं उघड झालं त्या दिवशी डॉक्टरांनी मला आणि मामाला बाहेर बोलावलं. पोटातला रोग पसरलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही, चार महिने, फार तर सहा, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. जिना उतरता उतरता मामाने ठरवूनही टाकलं. आईला सांगायचं नाही. पित्ताशयात खडे आहेत, औषधाने विरघळतील, थोडा वेळ लागेल, एवढंच सांगायचं. आई त्याची धाकटी बहीण. तिला लहानपणी सुई टोचतानासुद्धा तो तिचे डोळे झाकायचा. मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

आईने अंथरूण धरलं आणि तिचे पाय गार पडू लागले. मोजे झाले, दोन रजया झाल्या, गरम पाण्याची पिशवी झाली. पायांवर काहीतरी जिवंत आणि जड हवंय, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मामा पोत्याला घेऊन हजर. मी पाटीची आठवण करून दिली, तर म्हणाला, घरच्या माणसाला कसली पाटी वाचून दाखवायची. मलाही ते पटलं. खोटं तर बोलून झालं होतं, कुत्रा यायच्या आधीच. एकदा बोललं की संपलं, असा आम्हा दोघांचा हिशेब. जन्मभर खोडी ओळखण्यात घालवलेल्या दोन माणसांना एवढं कळलं नाही, की आजारी माणसाशी खोटं एकदा बोलून भागत नाही. ते दर चमच्याबरोबर पुन्हा बोलावं लागतं.

पहिल्या दिवशी पोत्या पलंगावर चढला तेव्हा फळ्या कुरकुरल्या आणि आई कितीतरी दिवसांनी हसली. त्याच्या पोटाखाली पाय सारून ती दुपारभर झोपली. उठल्यावर अर्धी वाटी सूप प्यायली. मामाने मला खूण केली, बघ, कसं जमवलं.

चौथ्या दिवशी पोत्या बकरीएवढा होता.

सकाळी नर्स यायची आणि 'आज रिपोर्ट छान आहे हं' म्हणायची. दोन बोटं कमी. शेजारच्या शिंपीणबाई यायच्या आणि आईच्या चेहऱ्यावर किती तेज आलंय ते सांगायच्या. चार बोटं. त्यांना स्वतःचं बोलणं इतकं आवडायचं, की जाताना दारातून पुन्हा एकदा सांगायच्या. पोत्याला स्वयंपाकघरात कोंडून पाहिलं, पण त्याला भिंतीपलीकडचंही ऐकू येतं. मग मी नर्सला चहाच्या नावाखाली बाहेरच अडवू लागले आणि शिंपीणबाईंना आई झोपलीय म्हणून सांगितलं. आई जागी होती. दोन बोटं.

मग आम्ही फक्त खरं बोलायचं ठरवलं. हे वाटतं तितकं सोपं नाही. आज मंगळवार आहे. दूध उतू गेलं. खिडकीची काच पुसायला झालीय. असं बोलून बोलून दिवसभरात दहा वाक्यं होतात आणि मग खोलीत पंख्याचा आवाज ऐकत बसावं लागतं. मामाने त्यावर तोडगा म्हणून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला घेतलं. पहिल्या पानाला पोत्या वीतभर घटला. मामाने घाईघाईने पान उलटलं, तर राशिभविष्य आलं.

आणि मी? मी रोज अकरा वाजले की पदर सारखा करायची आणि म्हणायची, दुकानात फार काम आहे आई, निघते. पोत्या माझ्या डोळ्यांदेखत लहान व्हायचा. काम काही नसायचं. मी कासवासमोर स्टूल टाकून बसून राहायची. त्या खोलीत मला बसवत नव्हतं. आईचे हात बारीक झाले होते आणि बांगडी कोपरापर्यंत सरकायची, ते मला पाहवत नव्हतं.

दोन आठवड्यांत पोत्या मांजराएवढा झाला. आईचे पाय पुन्हा गार. पण आता तिला पायांचं सुचत नव्हतं. आपलं उकडलेलं अंडं ती त्याला भरवायची, दूध बशीत ओतायची, स्वतः उपाशी राहायची. औषधाच्या वेळी तोंड मिटून घ्यायची, आधी याला डॉक्टरकडे न्या म्हणायची. एका संध्याकाळी मामा आला तेव्हा तिने पोत्याला मांडीवर घेतलं होतं आणि तिचे डोळे लाल होते.

"दादा, खरं सांग. याला काहीतरी मोठं झालंय आणि तुम्ही ते माझ्यापासून लपवताय."

मामा भिंतीकडे बघत म्हणाला, "नाही गं. याला काही झालेलं नाही. चांगला ठणठणीत आहे."

पोत्या तिच्या मांडीवर उंदराएवढा झाला. आईने त्याला ओंजळीत उचललं आणि कानाशी धरून श्वास चालू आहे का ते ऐकत राहिली.

जिन्यात माझी आणि मामाची जुंपली. त्याचं म्हणणं, उद्या दुसरा कुत्रा आणू, वासराएवढा, साधा, बिनखोडीचा. हा बरा झाला म्हणून सांगू. मी म्हणाले, म्हणजे तिच्या हातातला मेला तरी आपण खोटंच बोलायचं. आणि ती जेवत नाही, औषध घेत नाही, ते कुठल्या कुत्र्याने भरून काढायचं? मामा म्हणाला, तुला सांगायचं असेल तर सांग, मी त्या वेळी तिथे असणार नाही. अख्ख्या गावाला जनावरांच्या खोडी सांगत सुटणारा हा माणूस. मी त्याला बरंच काही बोलले, ते इथे लिहीत नाही.

सकाळी मी आईचे केस विंचरायला बसले. तिचा चेहरा समोर नसल्यामुळे मला धीर आला. पोत्या उशीवर होता, आता माझ्या अंगठ्याएवढाच. मी आधी त्याची खोड सांगितली. मग म्हणाले, आई, खडे नाहीत. रोग आहे, पसरलाय, तो बरा होणार नाही. चार महिने म्हणाले होते, त्यातला एक होत आला. बोलताना माझा आवाज चिरकला आणि कंगवा तिच्या केसांत अडकला.

आईने हात मागे नेऊन कंगवा सोडवला. मग म्हणाली, "माहीत आहे गं. डॉक्टर बाहेर बोलतात, आणि त्यांच्या खोलीचं दार नीट लागत नाही."

पोत्या मुठीएवढा झाला. मला हुंदका आला, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. आपण जिंकलो, असं वाटलं. तेवढ्यात आई माझा हात थोपटत म्हणाली, रडू नकोस, माझं सगळं करून झालंय, मी तृप्त आहे. मला कसली भीती नाही. दुखत तर अजिबात नाही.

पोत्या चिंचोक्याएवढा झाला.

आम्ही दोघींनी ते पाहिलं. इतके दिवस मी नर्सला, शिंपीणबाईंना, मामाला आणि स्वतःला बोल लावत होते. रात्री आम्ही कोणी खोलीत नसतानाही तो सकाळी आणखी बारीक झालेला असायचा, ते कसं, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. ती एकटी त्याला थोपटत हेच सांगत असणार.

"आई, तो जाईल," मी म्हणाले. "आता आणखी बारीक व्हायला त्याच्याकडे काही उरलं नाही."

"मग मी काय बोलू?" ती चिडली. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा चिडली. "तुम्हाला ऐकवेल असं काय आहे माझ्याजवळ?"

तिने पोत्याला तळहातावर घेतलं. तो तिथे जेमतेम दिसत होता.

"मला जायचं नाहीये," आई म्हणाली. "मला फार दुखतं. पहाटे इतकं दुखतं की मी उशीत तोंड खुपसते. आणि मला तुमचा राग येतो. मी नसताना तुम्ही चहा पिणार, दुकान उघडणार, हसणार, त्याचा राग येतो. स्वतःच्या मुलीचा राग येतो, हे कोणाला सांगू मी?"

ती रडत होती आणि तिच्या तळहातावरून पोत्या मनगटावर आला, मग मांडीवर. मांडीतही मावेना तेव्हा रजईवर उतरला. दारात मामा उभा होता. असणार नाही म्हणाला होता, पण आला होता. हातात फळांची पिशवी. त्याने पिशवी खाली ठेवली आणि तिथूनच म्हणाला, की तो रोज फळांच्या दुकानापुढे तासभर उभा राहतो, कारण वर आलं की तिच्याकडे बघावं लागतं. तिच्यावाचून त्याला लहानपणीच्या गोष्टी सांगायला जगात दुसरं कोणी नाही. तिला फसवलं ते तिच्यासाठी नव्हतं, स्वतःसाठी होतं. एवढं बोलून तो जमिनीवरच बसला. पोत्या बकरीएवढा झाला होता आणि मामाचा चेहरा चाटायला खाली वाकत होता.

मी नर्सला फोन केला. दुखण्यावरचे थेंब पहिल्या दिवसापासून कपाटात होते. रोग्याने दुखतंय म्हटलं तरच द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि आई एकदाही म्हणाली नव्हती. नर्सला विचारून थेंब मोजून दिले. अर्ध्या तासाने आईच्या कपाळावरची आठी सैल झाली. मामा जमिनीवरच भिंतीला टेकून झोपून गेला.

अकरा वाजले. माझा हात सवयीने पदराकडे गेला.

"चाललीस?" आईने विचारलं.

मी तिला सांगितलं, की दुकानात काही काम नसतं. मी तिथे जाऊन कासवासमोर बसते. या खोलीत मला श्वास घेता येत नाही, तुझे हात मला बघवत नाहीत आणि कधीकधी वाटतं, लवकर संपू दे, माझ्याच्याने होत नाही. हे शेवटचं बोलताना मी तिच्याकडे पाहिलं नाही. पलंगाची फळी कुरकुरली.

आई पुष्कळ वेळ छताकडे बघत होती. तिला लागलं होतं, ते मला दिसत होतं.

"तरी राहशील?" ती म्हणाली. "शेवटपर्यंत? मला एकटीला नाही जायचं."

"राहीन," मी म्हणाले.

मग आम्ही दोघींनीही पोत्याकडे पाहिलं. तो आईच्या पायांवर आडवा पडून झोपला होता आणि त्याला जागा पुरेना, म्हणून आई भिंतीकडे थोडी सरकली.