दारावरच्या मिरच्या

डुशिकने दारावर मिरच्या टांगल्या तेव्हा त्याची अक्कल कुठे चरायला गेली होती, देव जाणे. सतरा वर्षांचं घोडं, खाणकामगारांच्या त्याच आळीत लहानाचं मोठं झालेलं. पण मुलगा झाला की गवताच्या दोरीत लाल मिरच्या खोचतात आणि मुलगी झाली की कोळसा आणि पाइनच्या डहाळ्या, एवढी साधी गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. अशी दोरी त्याने जन्मात एकदाच पाहिली होती, शेजारच्या, मूळच्या आंदोंग गावच्या आंदोंगवाल्या आजीच्या दारावर, आणि तिला तेव्हा नातू झाला होता. मिरच्या दिसल्या, मिरच्या डोक्यात बसल्या. घरात वाळवलेल्या मिरच्यांची माळ होतीच.

आणि आत गोधडीत झोपली होती ती मुलगी.

मुलगी त्याच्या थोरल्या बहिणीची, यंगसुकची. ती सेऊलच्या एका शिवणकारखान्यात कामाला होती. थंडी पडायला लागली तशी एक दिवस मोठा ओव्हरकोट घालून आली, आणि कोटाच्या आतून बाळ काढून तिने शेगडीने खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर ठेवलं. बाळाचा बाप कोण, हे तिने सांगितलं नाही आणि डुशिकची विचारायची छाती झाली नाही. आई दोघांची कधीच गेलेली. बाप छातीत कोळसा साठून शहरातल्या इस्पितळात पडलेला. दुसऱ्याच दिवशी उजाडायच्या आत यंगसुक मागच्या वाटेने, खाणीच्या राखेच्या ढिगावरून निघून गेली.

"दुसरं काम शोधते, खोली बघते आणि हिला न्यायला येते," ती म्हणाली. "तोवर कुणाला देऊ नकोस रे. तुझ्या पाया पडते. एकदा का अनाथाश्रमात गेली, की विमानात घालून परदेशात दत्तक पाठवून देतील कुठल्या कुठे. मग मी कुणाच्या दारात जाऊन शोधू?"

डुशिक हो म्हणाला. मग पोराला एकच गोष्ट सुचली. दारावर दोरी असली की तीन आठवडे बाहेरचं माणूस उंबरा ओलांडत नाही. दोरी लावायची, ताई आत बाळंतीण आहे म्हणून सांगायचं, आणि तेवढ्यात ताई परत येईल. हिशोब झकास होता. फक्त मिरच्यांनी घोळ केला.

"मुलगा! डुशिकच्या ताईला मुलगा झाला!" आळीत बोंब झाली तेव्हा त्याला आपला घोळ कळला. पण आता मिरच्या काढून कोळसा लावायचा म्हणजे लोक विचारणार, पोरा, दाखव बघू काय झालंय ते. तो गप्प बसला. आणि खरं सांगायचं तर, मुलगा म्हटल्यावर आळीचं वागणंही गोड झालं होतं. आंदोंगवाली आजी दिवसातून तीन वेळा समुद्री शेवाळाचं सार आणून दोरीच्या अलीकडे ठेवायची. बाळंतिणीने तेच खायचं असतं, दुसरं काही नाही. आता बाळंतीणच घरात नाही म्हटल्यावर ते सार कोण खाणार? सकाळ, दुपार, संध्याकाळ, डुशिक ते सार भुरकत बसायचा आणि रिकामं भांडं बाहेर ठेवून ओरडायचा, "ताई म्हणते, फार छान झालंय!"

"खाऊ दे," आजी ओट्यावरून म्हणायची. "अंगी लागू दे तिच्या."

बाळाला मात्र पावडरचं दूध. त्यात पाणी किती घालायचं यावरून पहिल्या दिवशी डुशिकची अशी तारांबळ उडाली, की अर्धं दूध भिंतीवर आणि अर्धं त्याच्या शर्टावर. मग हळूहळू हात बसला. तिला गोधडीने पाठीला बांधून तो भात शिजवायचा, शेगडीतल्या कोळशाच्या वड्या बदलायचा, लंगोट धुऊन मागच्या तारेवर टाकायचा. नाव ठेवायचं काम ताईचं, म्हणून तो तिला नुसतं "दाणा" म्हणायचा. सोयाबीनच्या दाण्यासारखंच होतं तिचं तोंड, गोल आणि पिवळट. "ए दाण्या, रडू नकोस, तुझ्या मामाला गालगुंड झालंय," असं तो तिला समजवायचा, कारण शाळेत त्याने तेच कळवलं होतं. आळीत खाली जायचं झालं की तो तिला निजवून निघायचा, आणि घरी येऊन आधी तिच्या नाकाशी कान नेऊन श्वास ऐकायचा.

दूध मिळायचं एकाच दुकानात, आळीच्या तोंडाशी. दुकान प्योचं. प्यो आळीचा प्रमुखही होता. कुणाच्या घरात काय चाललंय ते खाण कंपनीला आणि सरकारला त्याच्याच तोंडून कळायचं. गल्ल्यावर बसायची त्याची बायको. लग्नाला बरीच वर्षं झालेली, पदरात मूल नाही.

दोरीचे दिवस भरत आले तेव्हा डुशिक दुधाचा डबा घ्यायला गेला. दुकानवाली काकू डबा हातातच धरून बसली.

"पहिलटकरणीला दूध नाही होय रे?"

"कमी आहे, काकू."

"कमी कसं असेल? ती इथे असेल तर ना." काकूचा आवाज अगदी मऊ होता, म्हणून जास्तच भीती वाटली. "बस माझा भाऊ चालवतो, डुशिक. तुझी ताई त्याच्या गाडीत बसून कधीच गेली."

काकूने डबा त्याच्या हातात ठेवला आणि वरून आपले दोन्ही हात ठेवले.

"मुलगा आम्हाला दे. दोरी उतरली की आम्ही येतो. आमचे हे म्हणतात, नाही दिलंस तर आश्रमाला कळवायचं. मग तो तुझाही नाही आणि आमचाही नाही."

तो घरी आला तो पळतच. ताईचा पत्ता नव्हता. त्या क्षणापासून त्याला झोप लागली नाही. दाराशी पाऊल वाजलं की तो बाळाला पाठीला बांधून उभा राहायचा, जणू कुठे पळायला जागा होती.

दोरी उतरायचा दिवस उजाडला. डुशिकने दाराला आतून कडी घातली, तिच्यापुढे तांदळाची कणगी सरकवली, आणि दाण्याला पाठीशी घट्ट आवळून घेतलं. ऊन चढल्यावर प्यो आला, मागे काकू, तिच्या काखेत निळी कोरी करकरीत गोधडी. समोरच्या ओट्यावर आंदोंगवाली आजी मोड आलेल्या सोयाबीनची शेपटं खुडत बसली होती.

"डुशिक! दोरी उतरव!"

"नाही उतरवत!"

"अरे, मुदत संपली!"

"मला दिवस मोजता येत नाहीत. शाळेत विचारा, गणितात गचकलोय!"

ओट्यावर आजी फिस्सकन हसली. "दोरी घरातल्यानेच उतरवायची असते बरं का, प्यो. परक्याने हात लावला तर बाळाला बाधतं."

प्यो थबकला. चार बुकं शिकलेला माणूस, कंपनीचा शिक्का खिशात घेऊन फिरणारा, पण मुलाला बाधतं म्हटल्यावर त्याचा हात हवेतच राहिला. तेवढ्यात काकू पुढे झाली आणि दाराला तोंड लावून बोलायला लागली.

"डुशिक, बाळा, ऐक ना माझं. माझी सासू नव्या वर्षाच्या सणाला दुसरी बाई घरात आणणार आहे. मुलगा हवाय तिला. मी कुठे जाऊ रे? तुझ्या भाच्याला तळहाताच्या फोडासारखा जपेन. वंशात नाव लागेल त्याचं. शाळा, कॉलेज, सगळं. तू काय देणार आहेस त्याला? सांग ना, काय देणार आहेस?"

खरंच, काय देणार होता डुशिक? डब्यात दूध तळाला गेलं होतं, आणि ताई आली नव्हती. काकू वाईट नव्हती, हेच तर वाईट होतं. वाईट असती तर त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या. तो डळमळला. हात कणगीवर गेलासुद्धा. तेवढ्यात पाठीवरच्या दाण्याने त्याच्या मानेवरचे केस मुठीत धरले आणि असे ओढले की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मुलगी आहे ती!" तो ओरडला. "काकू, मुलगी आहे! मुलगा नाहीच!"

बाहेर प्यो मोठ्याने हसला.

"ऐकलंस? दारात मिरच्या टांगून आता म्हणतोय मुलगी! पोरगं द्यायला नको म्हणून काय काय थापा मारतील हे लोक!"

"खरंच सांगतोय, काका! चुकून टांगल्या!"

"चुकून कुणी मिरच्या टांगतं होय रे, बदमाशा?"

हसता हसता प्योची भीती पळाली होती. सुरी दोरीवरून फिरल्याचा आवाज डुशिकने ऐकला. मिरच्या पायरीवर पडल्या. मग खांद्याचा एक धक्का, दुसरा, आणि कडी उखडून कणगी आडवी झाली. सगळ्या जमिनीवर तांदूळ.

डुशिकने उघड्या दारातून आजीकडे पाहिलं. आता ती उठेल, ओरडेल, काहीतरी करेल. पण म्हातारी सोयाबीनची शेपटं खुडत बसून राहिली. तीन आठवडे जिचं सार खाल्लं तीच फिरली, असं वाटून त्याला रडूच कोसळलं. प्योने त्याला मागून धरलं आणि काकूने त्याच्या पाठीवरची गाठ सोडली.

काकूने किती हळुवारपणे घेतलं तिला! तांदळावरून पाय सांभाळत गेली, निळी गोधडी अंथरली, तिच्यावर बाळाला ठेवलं. "ये रे माझ्या राजा, ये रे माझ्या वाघा," असं पुटपुटत तिने जुना लंगोट सोडला.

आणि हात तिथेच थांबला.

"अहो," ती म्हणाली. "अहो, ही मुलगी आहे."

प्योने डुशिकला सोडलं, पुढे येऊन वाकून पाहिलं, आणि सरळ झाला. चेहरा शेगडीतल्या राखेसारखा.

"चल."

काकू हलली नाही. तिचं एक बोट दाण्याच्या मुठीत अडकलं होतं. "अहो, पण किती गोड आहे बघा तरी. मुलगी झाली म्हणून काय..."

"माझी आई दारात उभं करेल का आपल्याला? चल म्हटलं ना!"

काकूने बोट सोडवून घेतलं. बाळाला उचलून उघड्या जमिनीवर ठेवलं, निळ्या गोधडीची गुंडाळी केली, आणि ती काखेत मारून मान खाली घालून बाहेर पडली.

आता डुशिकने सुटकेचा श्वास सोडायला हवा होता की नाही? ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते टळलं होतं. कुणी नेली नाही तिला. पण त्या उघड्या जमिनीवर पाय झाडणाऱ्या पोरीकडे बघून त्याच्या डोक्यात अशी तिडीक गेली, की तो तिला छातीशी धरून अनवाणी अंगणात धावला.

"या की परत!" तो ओरडला. "नीट बघितलंत तरी का? हाक मारली की बघते ती! माझा आवाज ओळखते! मघाशी वाघ होती ना? राजा होती ना? आता काय झालं? या की! घेऊन जा की!" आणि हे आपण काय बोलतोय ते कळून त्याने तिला आणखी घट्ट धरलं. रागाने आणि अपमानाने तो हमसाहमशी रडत होता. अपमान त्याचा नव्हता, पण तिला अजून रागावता येत नव्हतं.

प्यो वळला. "दाखव, दाखव. सोमवारी आश्रमाची गाडी बोलावतो, त्यांनाच दाखव. मोठ्या माणसाशिवाय पोर ठेवतोय म्हणून सांगतो त्यांना."

तेव्हा आंदोंगवाली आजी उठली. मांडीवरची शेपटं झटकली, आपल्या दारामागून गवताची दोरी काढली आणि ती हातावर घेऊन संथपणे डुशिकच्या दाराकडे निघाली. दोरीत कोळशाचे तुकडे होते आणि पाइनच्या डहाळ्या. डहाळ्यांच्या सुया मात्र वाळून तपकिरी पडल्या होत्या.

"ही केव्हा वळलीत?" डुशिकने नाक पुसत विचारलं.

"तू मिरच्या टांगल्यास त्याच आठवड्यात. तारेवरचे लंगोट बघितले. मुलगा असला की लंगोट पुढून भिजतो, बावळटा. तुझे सगळे मागून पिवळे."

"मग तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर म्हातारी खोटारडी ठरली असती. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे म्हटलं, म्हणजे पुन्हा या दाराकडे फिरकणार नाहीत." तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आणि ताई म्हणे आत! जिच्यासाठी सार धाडत होते तिचा आवाज एकदाही नाही, आणि तुझे गाल बघ, बाळंतिणीसारखे वर आलेत."

"ठाऊक होतं तर सार कशाला दिलंत?"

"कुणीतरी पोर सांभाळत होतं ना त्या घरात? मग त्यालाच नको?"

आजी उंबरा ओलांडून आत गेली. सांडलेल्या तांदळात उभी राहून, टाचा उंचावून, तिने दोरीचं एक टोक दाराच्या आतल्या खुंटीला बांधलं आणि दुसऱ्यासाठी हात वर केला.

"आजी, तुम्ही मध्ये पडू नका," प्यो अंगणातून म्हणाला, पण आवाजात आता दम नव्हता.

"बोलाव तुझी गाडी. मोठं माणूस आहे म्हणून सांग इथे." तिने गाठ आवळली. "आणि आजपासून तीन आठवडे पुन्हा. चुकीच्या दोरीचे दिवस धरत नाहीत. तोवर आली हिची आई तर आली, नाही तर आपण आहोत. डुशिक, थंडीत काय उभा राहिलास, पोरीला आत आण. सार आता इथेच शिजेल."

तो वाकून दोरीखालून आत आला. मग वर बघून म्हणाला, "आजी, दोरी तुम्ही आतून बांधलीत."

"मग काय बाहेरून बांधू?" आजी म्हणाली. "दोरी असली की बाहेरचं माणूस आत येत नसतं, एवढं तरी शीक आता."