तीन हातांची करवत

उज्वला आयटीआयमध्ये फिटरच्या वर्गाला शिकवायची, आणि वर्कशॉपमधल्या कुठल्याही यंत्रापेक्षा तिचा आवाज वर चढायचा. "हॅकसॉचे दात पुढं! पुढं म्हणजे कुणीकडं? मामाच्या गावाला का?" हे तिचं वाक्य अठरा वर्षांच्या पोरांना पाठ होतं. अशा बाईनं स्वतःच पातं उलटं बसवलं, तेही थोरल्या बहिणीदेखत. पण ते पुढं. आधी भांडण.

भांडण नावावरून होतं. तिच्या भावाला, रुद्रेशला, बारा दिवसांपूर्वी मुलगी झाली. दुसरी खेप म्हणून बाळंतपण सासरीच, अहमदपुरात, उज्वलाही राहायची त्याच घरात झालं, आणि आज संध्याकाळी पाच वाजता बारसं होतं. बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा. ती नाव सांगते आणि जमलेल्या बाया तिच्या पाठीत धपाधप धपाटे घालतात. ते धपाटे खायलाही नशीब लागतं. अडचण एवढीच की या घरात आत्या दोन. पहिल्या मुलाच्या वेळी उज्वला ट्रेनिंगसाठी लातूरला अडकली आणि थोरल्या नागुबाईनं परस्पर 'शिवलिंग' ठेवून दिलं. तेव्हापासून पाच वर्षं उज्वलानं एक नाव मनात जपून ठेवलं होतं. या खेपेला ती कुणाचं म्हणजे कुणाचंही ऐकणार नव्हती.

शिवाय नाव नुसतं कानात सांगून भागणार नव्हतं. ते लाकडात कापून पाळण्यावर टांगायचं होतं. एकदा टांगलं की नागुबाईच्या बापालाही ते उतरवता येणार नव्हतं, आणि तो बाप तर उज्वलाचाही होता.

तिच्या पडवीत एक छोटा लेथ होता. सुट्टीच्या दिवशी ती त्यावर लाटणी, रव्या, भोवरे काढायची. त्याच लेथला जोडायची नक्षीची करवत तिनं मुद्दाम मागवली होती. कालच खोकं आलं. आत लोखंडी बैठक, हाताएवढं टेबल, एक वाकडी भुजा, स्प्रिंग, दोऱ्याइतकी बारीक सहा पाती आणि एक माहितीपत्रक. त्यावरची भाषा कुणाच्या पितरांनीही वाचली नसती, म्हणून उज्वलानं ते घडी करून डगमगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली घातलं.

लेथ फिरतो गोल आणि करवतीला लागतं वर-खाली. त्यासाठी चकात, म्हणजे लेथच्या फिरत्या जबड्यात, एक खुंटी धरायची, ती मधोमध नाही, मुद्दाम कडेला. खुंटी फिरली की भुजेला वर ढकलते, खाली ओढते, आणि भुजेला ताणलेलं पातं टेबलाच्या भोकातून नाचायला लागतं. उज्वला बैठकीचे बोल्ट आवळत होती, इतक्यात मुखेडच्या एसटीनं नागुबाई येऊन दाखल झाली. काखेत शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा, कपाळावर भस्म.

"काय करून राहिलीस गं?"

"काही नाही, अक्का."

"काही न्हाई, त्याला एवढे नटबोल्ट?" नागुबाई बाजेवर टेकली. "माझी मैना माझ्याबिगर कुणाच्या हातचा चारा खात न्हाई. तरी शेळी उपाशी टाकून आले. का? तर नाव मी ठेवणार हाय."

"या खेपेला मी."

"थोरली कोण?"

"मागच्या खेपेला कोणी ठेवलं?"

दारात शिल्पा, म्हणजे रुद्रेशची बायको, उभी होती. डोक्याला रुमाल, खांद्यावर बाळ. "वन्सं, मी काय म्हणते..." ती म्हणाली.

"वाऱ्यात उभी राहू नकोस गं!" दोघी बहिणी एकदम ओरडल्या. या एका बाबतीत त्यांचं एकमत होतं. शिल्पा आत गेली.

उज्वलानं फळी टेबलावर ठेवली. वर कागद चिकटवून नाव काढलेलं होतं, पण उलटं, आरशातल्यासारखं, म्हणजे फळी मागून कापायची आणि अक्काला शेवटपर्यंत पत्ता लागू द्यायचा नाही. नागुबाईनं मान वाकडी करून पाहिलं, तिला नुसत्या वेलांट्या दिसल्या. उज्वला मनातल्या मनात खूश झाली आणि तिनं बटण दाबलं.

फळी उडाली. टेबलावर तडातडा आपटायला लागली, उज्वला दोन्ही हातांनी दाबतेय तर तीच फळीबरोबर नाचायला लागली. नागुबाई "अगं अगं अगं" करत बाजेवर उभी राहिली, डबा उलटला, लाडू पडवीभर गडगडले. पातं टिंग करून तुटलं. दुसरं लावलं. पुन्हा तोच तमाशा, पुन्हा टिंग.

"बघू दे," नागुबाई खाली उतरली. तिनं तिसरं पातं हातात घेतलं आणि उज्वलानं जसं बसवलं होतं तसंच उभं धरून पदराच्या काठावरून फिरवलं. खाली नेताना ते सुळकन गेलं, वर नेताना धागा अडकला. मग तिचं तोंड हळूहळू पसरत गेलं.

"मॅडम, दात वर हायती. खाली पायजेत. पातं फळीला खाली दाबायच्या ऐवजी वर उचलून राहिलं की! कुणीकडं गेले म्हणायचे दात, मामाच्या गावाला?"

उज्वलाचे कान लाल झाले. मग तिला हसू फुटलं, आणि ते आवरेना. दोघी बहिणी लेथला टेकून इतक्या हसल्या की रुद्रेश बाहेर येऊन बघून गेला.

पातं सुलटं बसलं. उज्वलानं पट्टा सावकाश गतीच्या पुलीवर टाकला, आणि या वेळी फळी जागच्या जागी राहिली. पातं रेघेवरून असं वळायला लागलं की तिचाच विश्वास बसेना. रव्यासारखा भुसा पडत होता. लाकूड जिकडं वळवावं तिकडं वळत होतं. अठरा वर्षं लोखंड घासलेल्या बाईला इतकं मऊ काम कधी मिळालंच नव्हतं. ती चक्क गुणगुणायला लागली.

मग आलं अक्षराच्या पोटातलं भोक. तिथं बाहेरून शिरता येत नाही. आधी गिरमिटानं छिद्र पाडायचं, पातं वरून सोडवायचं, छिद्रातून ओवायचं, पुन्हा अडकवायचं. एक हात स्प्रिंग दाबायला, एक फळी धरायला, एक पातं ओवायला. उज्वलानं हात मोजले, एक कमी पडत होता.

"सरक," नागुबाई म्हणाली. "चाळीस वर्षं गोधडीची सुई ओवलीय मी."

एका झटक्यात पातं पार. आणि तिथून नागुबाईला जे वेड लागलं ते लागलंच. "मी कापते." "जरा मला दे." "आता माझी पाळी." एक पातं तिनं घाईत मोडलं, एक उज्वलानं हसता हसता मोडलं, एक कुणी मोडलं यावर वाद झाला. मधे शिल्पा दोनदा दारात आली. "वन्सं, ऐकता का..." मशीन घरघरत होतं. दोनदा तिला आत पिटाळलं.

चार वाजता नाव पूर्ण झालं. वरच्या शिरोरेघेनं सगळी अक्षरं एकत्र धरून ठेवली होती. उज्वलानं फळी सुलटी केली आणि भुसा फुंकला.

"रेवा," नागुबाईनं वाचलं. मग कमरेवर हात ठेवले. "मी माझ्या हातानं कापलं, अन् रेवा? दोन अक्षरं? हाक मारायला तोंड उघडावं तर नाव संपलं! आईचं नाव ठेवायचं हाय, अन्नपूर्णा! दे ती दुसरी फळी."

"एकच पातं राहिलंय, अक्का. अन्नपूर्णाला सहा लागतील."

"तरी दे!"

मशीन मोकळंच घरघरत होतं आणि दोघींनी त्या दुसऱ्या फळीची दोन टोकं धरली होती, तेव्हा शिल्पा पडवीत आली. या वेळी ती दारात थांबली नाही. तिनं हात पुढं करून लेथचं बटण बंद केलं.

"तिचं नाव पडलंय, वन्सं," ती म्हणाली. "सातव्या महिन्यात डॉक्टरांनी मला पडून राहायला सांगितलं. घरात दिवसभर कोणी नसायचं. तवापासून मी पोटातल्या पोटात तिच्याशी बोलून राहिले. मैना म्हणायचे. म्हटलं की लाथ मारायची. आता दुसरं ठेवलं तर तिला कळायचं न्हाई तुमी कुणाला हाक मारून राहिले."

मग नागुबाईच्या तोंडून निघून गेलं, "अगं, मैना माझी शेळी हाय!"

शिल्पाच्या डोळ्यात पाणीही होतं आणि हसूही.

उज्वलानं हातातल्या रेवाकडं पाहिलं. पाच वर्षं जपलेलं नाव. किती देखणं कापलं गेलं होतं. तिला फार वाईट वाटलं, आणि मग शिल्पाकडं पाहून त्याहून वाईट वाटलं. "कधीपासून सांगून राहिलीस?" तिनं विचारलं.

"सकाळपासून. तुमचं मशीनच बंद होईना."

"अक्का," उज्वला म्हणाली, "फळी दे."

नागुबाईनं फळी दिली. वर एक सुस्कारा सोडला, अन्नपूर्णेसाठी. "शेळीचं काय," ती पुटपुटली, "शेळीला रेवा म्हणू. ही पाटी गोठ्यात लावते. एवढी मेहनत केलीय, वाया का घालायची?"

रुद्रेशच्या मांडीवर बाळ दिलं. उज्वलानं फळी धरली, नागुबाईनं स्प्रिंग दाबली आणि म च्या पोटातलं पातं शिल्पानं ओवलं. तिघींनी श्वास धरून ते शेवटचं पातं हळूहळू सगळ्या वळणांवरून नेलं. ते मोडलं नाही. पाचला दहा मिनिटं कमी असताना मैना पाळण्यावर चढली, लाकडाला चोळलेल्या ओल्या तेलाचा वास अजून येतच होता.

बाया जमल्या होत्या. बाळ टाहो फोडत होतं. दोन्ही आत्या दोन बाजूंनी पाळण्यात वाकल्या, एकीनं उजवा कान धरला, एकीनं डावा. "कुर्र," दोघी एकदम म्हणाल्या, "मैना."

बाळ गप्प झालं. मान वळवून त्यानं आवाज शोधला, आणि पाय झाडून पाळण्याला एक लाथ मारली.

मग धपाटे सुरू झाले. शेजारणींचे, मावशांचे, धपाधप. नागुबाई ओरडत होती, "मेल्यांनो, म्हातारी हाय मी!" उज्वलाच्या पाठीत सगळ्यात जोराचा बसला तो मात्र शिल्पाचा. सकाळपासूनचा सगळा साठवून ठेवलेला राग तिनं एकाच हातात घातला होता. उज्वलाचे डोळे पाणावले, खांदा चोळत तिनं मागं वळून पाहिलं.

"अजून एक घाल गं," ती म्हणाली. "एकात भागत नाही."