मागच्या फाटकाची किल्ली

ओडेसाबाईंना त्या दिवशी एकच गोष्ट पदरात पाडून घ्यायची होती: उसामागच्या फाटकाची किल्ली. लग्नाच्या दीडशे पाहुण्यांसाठी रांधलेल्या गम्बोचे, म्हणजे भेंडी-कोळंबीच्या दाट रश्श्याचे, पैसे ठरलेले होते, त्यांची चिंता नव्हती. फाटकापलीकडे या मळ्यात राबलेल्या गुलामांची थडगी होती, त्यात त्यांच्या पणजीची आई क्लेमान्स. आज सर्व संतांचा दिवस, ख्रिस्ती लोकांचा मेलेल्यांना आठवायचा सण. मिसिसिपी नदीच्या या काठावर आज प्रत्येक थडग्यावर चुन्याचा हात फिरतो. ज्यावर फिरत नाही, त्याच्यामागे कुणी उरलं नाही असं गाव धरून चालतं.

मळ्याचे व्यवस्थापक थिबो यांनी नेमकं आजच मोठ्या घराच्या हिरवळीवर लग्न घेतलं होतं.

"उद्या रंगवा, बाई. पाहुण्यांच्या फोटोत बादल्या नकोत."

"मेलेल्यांचा सण पुढं जात नाही, साहेब. लग्न जातंय का विचारा."

थिबो हसले आणि किल्ली खिशात घालून चालते झाले.

भाऊ सिप्रियान ट्रकमधून पातेली काढू लागला.

"राहू दे," बाई म्हणाल्या.

"ताई, निवेल सगळं."

"निवू दे की. मी जरा घर बघून येते."

जुन्या मालकांचं ते घर आता तिकीट लावून दाखवत. तीस डॉलरचं तिकीट काढून बाई पर्यटकांच्या घोळक्यात शिरल्या. माहिती सांगणारी मुलगी म्हणत होती, "मालकांनी हे घर दोन वर्षांत बांधलं."

"एकट्यानं? दमले असतील हो."

लोक हसले. बाईंनी खांबातल्या एका विटेवर हात ठेवला. ओल्या मातीत उमटलेली तीन बोटं भाजून तशीच राहिली होती. बाईंची करंगळीही त्या खाचांत मावेना.

"आत काचेखाली गुलामांची यादी आहे ना, पोरी? क्लेमान्स, वय नऊ, वीटभट्टी, किंमत चारशे डॉलर. ती आमची."

"ही तिची बोटं?"

"तिची नसतील तर तिच्या शेजारच्या पोराची. विटा पाडायला मालक बसत नव्हते."

मुलगी वाकून त्या खाचांवरून बोट फिरवू लागली.

एवढ्यात थिबो धापा टाकत आले. नवरीचा बाप जेवण मागत होता.

"पातेली कुठायत?"

"ट्रकमध्ये. किल्ली कुठाय?"

"ही अडवणूक आहे, बाई."

"आहे खरी. याच मळ्याची शिकवण."

किल्ली आली. सिप्रियाननं गम्बो पुन्हा चुलीवर चढवला. बाई बादली घेऊन उसातून निघाल्या, तर ती मुलगी दुसरा कुंचला उचलून मागोमाग आली.

संध्याकाळी सगळी थडगी पांढरीशुभ्र झाली. जेवणाचे पैसे नवरीच्या बापानं दिले, चुन्याचे सिप्रियाननं, तिकिटाचे बाईंनी. घराचे तेवढे कुणी द्यायचे राहिले नव्हते. ते क्लेमान्सनं नवव्या वर्षापासून विटा पाडून फेडले होते.