बटण दाबायची घाई

माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न झालं, त्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेत कान तपासायची गाडी आली. मी तिथे बाटल्या धुवायचे आणि आमचे हे मातीचे नमुने दळायच्या यंत्रावर होते. यंत्राचा आवाज असा, की शेजारचा माणूस ओरडला तरी नुसते ओठ हललेले दिसत. कानात घालायची बोंडं मिळाली होती, पण हे ती खिशात ठेवत. म्हणत, "बारीक दळलं की यंत्राचा सूर बदलतो. कान बुजवले तर कळणार कसं?"

घरी हे इतक्या मोठ्याने बोलत, की शेजारीण विचारायची, "आज कशावरून भांडण?"

"भांडण कसलं, मीठ मागताहेत."

गाडी आली तसा यांचा चेहरा उतरला. "कान गेलेत असं निघालं तर यंत्रावरून काढतील. मग काय, तुझ्याबरोबर बाटल्या धुऊ?"

"धुवा की. फोडू नका म्हणजे झालं."

गाडीत काचेची एक खोली होती. आत बसून कानांवर यंत्र लावायचं आणि बारीक टूं ऐकू आलं की बटण दाबायचं. माझा नंबर यांच्या मागे होता, म्हणून मला काचेतून सगळं दिसत होतं. हे बसले आणि दळायच्या यंत्राच्या ठेक्यात बटण दाबतच सुटले. तपासणाऱ्या बाईंना हसू आवरेना.

हे बाहेर आले ते छाती काढून. "पास झालो बहुतेक. बाई फार खूश होत्या!"

मागोमाग बाई आल्या. "अहो काका, मी अजून आवाज सोडलाच नव्हता!"

यांना परत बसवलं. वरच्या पट्टीतले बारीक आवाज गेले होते.

"म्हणजे आता मला काढणार?" यांनी खाली बघत विचारलं.

"तुम्हाला कशाला? आधी त्या दळायच्या यंत्राचा आवाज काढू," बाई म्हणाल्या.

पुढे यंत्राला जाड अस्तराची पेटी बसली आणि यांच्या कानांवर झाकणं आली. दळण कधी झालं ते घड्याळ लावून ठरू लागलं. यांना तो अपमान वाटला. बरेच दिवस त्या घड्याळाकडे असे बघायचे, जणू ते सवतीचं पोर.

गेलेलं ऐकणं परत आलं नाही, पण उरलेलं टिकलं. म्हातारपणी आम्ही दारात बसून हळू आवाजात बोलत असू, आणि यांना ऐकू येई. थोरली नात शाळेत जाऊ लागली, त्या थंडीत हे वारले.