हातवारे बंद

जयसिंगपुरात प्रभुलिंगचं किराणा दुकान होतं. त्याची एकुलती एक मुलगी, विद्याश्री, जन्मापासून बहिरी. सहा वर्षांची झाली तरी तिला कुठल्या शाळेनं घेतलं नाही. गल्लीतल्या शाळेचे हेडमास्तर तिच्या आईला, महादेवीला, म्हणाले, "वर्गात साठ पोरं हायत, वहिनी. हिच्याकडं कोण बघणार?"

महादेवीनं कोल्हापूर गाठलं. सरकारी दवाखान्यातून बहिरेपणाचा दाखला मिळवायला तिला तीन खेपा पडल्या. बहिऱ्या मुलींच्या वसतिशाळेत जागाच नव्हती. दर सोमवारी ती पहिल्या एसटीनं जायची, ऑफिसच्या पायरीवर बसायची आणि "एखादी जागा झाली का?" एवढं विचारून परत यायची. शेवटी १९९६ च्या ऑगस्टात एक मुलगी शाळा सोडून गेली आणि विद्याश्रीचं नाव लागलं.

"इथं मुली तोंडानं बोलायला शिकतात," मुख्य बाईंनी बजावलं. "हातवारे बंद. घरी कानडी बोलता की मराठी?"

"दोन्ही."

"आता फक्त मराठी."

महादेवीनं मान डोलावली. त्या दिवशी तिनं कशालाही मान डोलावली असती.

मायलेकींची सगळी बोली हातांची होती. गालावर मूठ फिरवली की गूळ, कपाळावर विभूतीसारखी तीन बोटं ओढली की अप्पा, म्हणजे वडील. कुणी शिकवली नव्हती, चुलीपुढं बसून दोघींनीच जमवली होती.

दिवाळीला पोरगी घरी आली ती कानात मशीन घालून. उंबऱ्यात उभं राहून, ओठ ताणून, फाटक्या आवाजात म्हणाली, "आ... ई." प्रभुलिंगला रडूच फुटलं. शेजारपाजारच्या बायका गोळा करून त्यानं तिच्याकडून दहादा म्हणवून घेतलं. महादेवीलाही भरून आलं. पण तिनं गालावर मूठ फिरवली, तर विद्याश्रीनं झटकन दोन्ही हात पाठीमागं नेले.

दोन दिवस पोर धड जेवली नाही. मान वाकडी करून बसायची. मशीन स्वतःच काढायची, स्वतःच घालायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. तिसऱ्या दिवशी न्हाऊ घालताना महादेवीचं तेलाचं बोट कानाला लागलं आणि पोर किंचाळली. आत जखम होती, पू भरलेली.

"मशीनचा कानात बसणारा साचा घट्ट झालाय," डॉक्टर म्हणाले. "दोन-तीन आठवड्यांपासूनचं दुखणं आहे. सांगितलं कसं नाही हिनं?"

महादेवीनं पोरीच्या हातांकडं बघितलं. पोरीनं सांगायचं कशानं?

"आई म्हणायला लागलीय ती. आता मोडता घालू नको," प्रभुलिंग म्हणाला. सुट्टी संपल्यावर महादेवीच तिला घेऊन गेली आणि थेट मुख्य बाईंपुढं उभी राहिली.

"बाई, तीन आठवडं कान सडत हुता पोरीचा. एका अक्षरानं सांगता आलं न्हाय तिला."

"'दुखतं' हा शब्द पुढच्या सत्रात आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"आन् तवर दुखलं तर? तेवढ्यापुरतं तरी हात हलवू द्या की."

"हात सुटले की तोंड बंद पडतं. जागा नको असेल तर तसं सांगा. यादीत चाळीस नावं आहेत."

पोरीला घेऊन उठावं, असं महादेवीला फार वाटलं. पण घरी नेऊन पुढं काय?

"जागा पायजे," ती म्हणाली.

मुलींच्या खोल्या सांभाळणाऱ्या आक्कांनी बाहेरून सगळं ऐकलं होतं. त्यांनी महादेवीला बाजूला घेतलं. "खोलीत समद्या पोरी हातानंच बोलत्यात की. म्या बघितलं न्हाय म्हणते. तुझी तेवढी भेदरलीया." त्यांनी शिवलीला नावाच्या मोठ्या मुलीला बोलावून घेतलं. शिवलीलानं विद्याश्रीच्या कानाकडं बोट केलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि भुवया उंचावल्या.

विद्याश्रीनं आईकडं बघितलं. महादेवीनं होकाराची मान हलवली. मग पोरीचा एक हात हळूच पुढं आला, कानाला लागला आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

साचा बदलायला महिना गेला. विद्याश्री त्या शाळेत दहावीपर्यंत राहिली. परक्यांत तोंडानं बोलायला शिकली, पण वर्गात हात हलवल्याबद्दल कित्येकदा शिक्षा म्हणून उभी राहिली. खोलीतली हातांची बोली मात्र भराभर वाढत गेली. भेटीच्या दिवशी महादेवी शिवलीलाकडून दोन-चार खुणा उचलायची. चुलीपुढची बोली लेक विसरत चालली होती आणि नवी बोली आईला पुरती येत नव्हती. लेक मैत्रिणींशी बोलताना हसायची. कशाला हसली, ते महादेवीला निम्म्या वेळा कळायचं नाही.