एकेचाळिसावा डबा

दुकान बंद केल्यापासून मी मालगाड्या बघतो. नुसत्या बघत नाही, प्रत्येक डब्याचा नंबर वेळेसकट वहीत टिपतो. "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," असं बायको म्हणते. म्हणू दे. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर मान मोडून बसलो, आता मान वर करून काहीतरी बघावंसं वाटतं.

माझा धाकटा भाऊ त्याच मार्गावरच्या यार्डात चाकं तपासायचा. हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा, हात लावून बघायचा, मगच गाडी सोडायचा. बावीस वर्षांत त्याने पास केलेलं एकही चाक बिघडलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी यार्डाबाहेरच्या पुलावरून मी एक गाडी टिपली. चाळीस डबे. मग बसने खाणीच्या पुढच्या फाटकापाशी गेलो. तिथे तीच गाडी पुन्हा आली, पण आता डबे एकेचाळीस. खाणीपाशी एक जादा जोडला होता, जुन्या बनावटीचा. त्या मालिकेतला हा एकच नंबर अकरा वर्षं मला हुलकावणी देत होता. काय आनंद झाला म्हणून सांगू! त्याच्या चाकापाशी धूर निघत होता. पण आमचा नियम असा, की आधी नंबर, मग वेळ, मग बाकीचं. मी नंबर लिहिला, ११.४२ लिहिलं, पुढे 'धूर' लिहिलं. शेवटच्या डब्यातून गार्डने मला हात केला. धाकट्याच्या शेजारीच राहायचा तो. मीही हात केला आणि पुन्हा नंबर वाचत बसलो.

बाराला पाच कमी असताना गाडी घसरली. गार्ड जागीच गेला.

सगळं धाकट्यावर शेकलं. तो डबा आपण तपासलाच नाही, तो नंतर जोडला, असं तो कंठशोष करून सांगत होता. पण यार्डाच्या कागदावर कुणीतरी एकेचाळीसचा आकडा घालून ठेवला होता.

तो माझ्याकडे आला. "दादा, तू तर सगळं लिहितोस. त्या दिवशीची वही बघ ना. मला आत टाकतील रे."

"त्या दिवशी गेलो नव्हतो मी," माझ्या तोंडून निघून गेलं. स्वतःची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती.

तो गेल्यावर बायकोने वही आणून माझ्यापुढे ठेवली. "खोटं बोललात," एवढंच म्हणाली.

चौकशीच्या दिवशी मी वही नेली. समोरच्या बाकावर गार्डची बायको एकटी बसली होती. साहेबांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून डबे मोजले. चाळीस. एकेचाळीस. धाकट्याचा जीव भांड्यात पडला. माझ्या शेजारी बसून त्याने माझा हात घट्ट धरला.

साहेबांचं बोट थांबलं. "हे 'धूर' काय आहे?"

"दिसला होता."

"मग काय केलंत?"

"लिहिला."

धाकट्याने हात सोडला. त्या मार्गावरचं प्रत्येक फाटक त्याला ठाऊक. "दादा, फाटकवाल्याचा फोन किती लांब होता?"

"दहा पावलं."

तो उठला आणि समोरच्या बाकावर, गार्डच्या बायकोशेजारी जाऊन बसला.